केवळ विश्वासाने तारण? मग उपास, नेम आणि सत्कर्मं कशासाठी?

भिंगारदिवा

मागे एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं, "ख्रिश्चनांचं बरं आहे. विश्वास ठेवला की तारण. ना उपासतापास, ना सोवळंओवळं." तिथेच उत्तर दिलं असतं तर तो धागा भलत्याच वादात हरवला असता, म्हणून हा वेगळा काढतोय.

मी नगरकडचा, प्रॉटेस्टंट घरातला. पाळक नाही की धर्मशास्त्र शिकलेला नाही. पण हा विषय आमच्याकडे उपदेशात इतक्यांदा येतो की तो सगळ्यांना कळलाय असं सगळेच धरून चालतात. माझ्या मते तो आमच्यातल्या निम्म्यांनाही कळलेला नाही.

"केवळ विश्वासाने" हे सूत्र ज्याच्या नावावर आहे तो प्रॉटेस्टंट पंथाचा जर्मन प्रवर्तक मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) धर्माला कंटाळलेला माणूस नव्हता. नेमधर्मात तो टोकाचा होता. १५०५ साली वादळात वीज जवळ कोसळली, घाबरून त्याने संत अ‍ॅनला नवस बोलला की मठात जाईन, आणि वडिलांचा राग पत्करून एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात गेलासुद्धा. तिथे उपास, जागरणं, थंडी सोसणं, आणि तासन्‌तास चालणारी पापांची कबुली. कबुली देऊन बाहेर पडला की एखादं सांगायचं राहिलेलं पाप आठवायचं, की हा परत दारात. त्याचे वरिष्ठ श्टाउपित्झ अगदी जेरीला आले होते. पुढे ल्यूथर स्वतःच सांगायचा की मठातल्या नेमांनी कोणी स्वर्गात जात असता तर मी नक्की पोचलो असतो.

त्याची अडचण अशी की नेम पुरे झाले हे ठरवायचं कोणी? उपास केला, पण मनापासून केला का? मनापासून केला असेल तर त्याचा आतून अभिमान नाही ना वाटला? तो वाटला असेल तर ते आणखी एक पाप. या हिशेबाला शेवटच नाही. मग विटेनबर्गला शिकवत असताना बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातलं "नीतिमान विश्वासाने जगेल" हे वचन त्याला वेगळं दिसायला लागलं. देवाचं नीतिमत्त्व म्हणजे देव ज्या मापाने आपल्याला मोजून शिक्षा करतो ते, असं तो तोवर समजत होता आणि (हे त्याने १५४५ साली उघड लिहिलंय) त्यापायी देवाचा मनातून तिरस्कार करत होता. आता त्याला वाटलं, हे नीतिमत्त्व देव मागत नाहीये, देतोय. ख्रिस्ताचं आहे ते माझ्या खाती लागतं, माझं पाप ख्रिस्ताच्या. निकाल आधी लागतो, माणूस सुधारायला नंतर लागतो.

इफिसकरांस पत्रात हेच थोडक्यात आहे: "कारण कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे आणि हे तुमच्या हातून झाले असे नाही, तर हे देवाचे दान आहे." आमच्याकडे हे वचन रविवारच्या शाळेतली पोरंही घडाघडा म्हणतात. त्यानंतर लगेच येणारं दहावं वचन मात्र फारसं कोणी पाठ करत नाही. त्यात पौल लिहितो की सत्कृत्यं करण्यासाठीच आपली निर्मिती झाली आहे. म्हणजे सत्कृत्यं गेली नाहीत. त्यांची जागा बदलली. ती दारावरचं तिकीट राहिली नाहीत.

माझा मुद्दा एवढाच: विश्वास म्हणजे उपासापेक्षा स्वस्तातलं कर्म, असं मानलं की सगळा घोटाळा होतो. आणि तो घोटाळा बाहेरचे लोक करतात त्याहून जास्त आम्ही करतो.

दुपारचा_चहा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाचतोय.

शंकासूर

लेख चांगला, पण मूळ आक्षेपाला बगल दिलीत. आयुष्यभर लोकांना लुटणारा शेवटच्या घटकेला "येशू, मी विश्वास ठेवतो" म्हणाला की आत, आणि आयुष्यभर सचोटीने वागलेला पण ख्रिस्ताला न मानणारा बाहेर. यात न्याय कुठे आहे?

आणि हा प्रश्न माझा नाही, गांधीजींचा आहे. 'सत्याचे प्रयोग'मध्ये प्रिटोरियातला प्रसंग आहे. प्लिमथ ब्रदरन या प्रॉटेस्टंट पंथाच्या एका गृहस्थाने त्यांना ऐकवलं की तुम्ही आयुष्यभर आपल्या चुका तपासत बसता, सुधारायला बघता, प्रायश्चित्त घेता, तुम्हाला शांती कशी मिळणार? सगळं ओझं येशूवर टाका. गांधीजींनी उत्तर दिलं की मला पापाच्या परिणामातून सुटका नको आहे, पापातूनच सुटका हवी आहे. तो गृहस्थ पुढे जाणूनबुजून चुकीच्या गोष्टी करत राहिला आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही हे त्याने दाखवून दिलं, असं गांधीजी लिहितात. हे तुमच्या सूत्राचं फळ.

वसईचा_पाव

कॅथलिक बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून लिहितो.

भिंगारदिवा, ल्यूथरची गोष्ट छान सांगितलीत, पण ती वाचून कोणालाही वाटेल की कॅथलिक चर्च "कर्मं करा, स्वर्ग मिळवा" शिकवत होतं. ल्यूथरच्या बंडानंतर भरलेल्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने जानेवारी १५४७ मध्ये या विषयावर जे ठराव केले त्यातला पहिलाच असा आहे की देवाच्या कृपेवाचून, केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल तो धर्मबाह्य. पहिलाच! तुमचा "केवळ विश्वास" नाकारणारा ठराव नववा आहे. त्याच्याही हजार वर्षं आधी पेलेजियस नावाच्या माणसाने माणूस स्वतःच्या बळावर पापमुक्त जगू शकतो असं मांडलं होतं, त्याच्याशी संत ऑगस्टिन आयुष्याच्या अखेरपर्यंत भांडले आणि चर्चने ऑगस्टिनची बाजू घेतली.

आमचं म्हणणं असं आहे की कृपा माणसाला नुसती निर्दोष ठरवून थांबत नाही, त्याला आतून बदलते, आणि त्या बदलात माणसाचा होकार व सहभाग असतो. म्हणून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), कन्फेशन (पापांची कबुली), उपवासकाळ. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मांसाहार सोडणारी माणसं आमच्या घरात आहेत. ती देवाशी सौदा करत नाहीत.

आणि याकोबाचं पत्र तुमच्याही बायबलात आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की माणूस केवळ विश्वासाने नाही, कृतींनी नीतिमान ठरतो. ल्यूथरला ते इतकं खुपलं की १५२२ च्या प्रस्तावनेत त्याने त्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं. शास्त्र हेच अंतिम प्रमाण म्हणायचं आणि अडचणीचं पान आलं की त्याला पेंढा म्हणायचं, हे जरा गमतीचं आहे.

भिंगारदिवा

@शंकासूर, गांधीजींचा प्रसंग काढलात ते बरं केलं. मला तो माणूस माझ्या बाजूचा वाटतच नाही. पौलाला हाच प्रश्न त्याच्या हयातीत विचारला गेला होता. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच ती आहे: कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय? उत्तर: कधीच नाही. गंमत बघा, हा आक्षेप घेतला जात नसेल तर तुम्ही पौलाचं म्हणणं नीट सांगतच नाही आहात. "चांगलं वागा, देव बघून घेईल" असं शिकवणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारणार नाही.

डीट्रिश बोनहोफर हा जर्मन ल्यूथरनच. त्याने १९३७ मध्ये आपल्याच चर्चवर कोरडे ओढले की तुम्ही कृपा स्वस्त करून टाकली आहे, शिष्यत्वाशिवाय कृपा, क्रुसाशिवाय कृपा. हिटलरला विरोध करून तो एप्रिल १९४५ मध्ये फाशी गेला. गांधीजींचा आक्षेप आणि त्याचा आक्षेप एकाच रोगावर आहे. फरक इतकाच की बोनहोफरने रोगावर औषध म्हणून हिशेबाची वही परत उघडली नाही.

शेवटच्या घटकेचं म्हणाल तर येशूच्या शेजारी क्रुसावर दिलेला, मरता मरता त्याला शरण गेलेला चोर आहेच. त्याला ना बाप्तिस्मा घेता आला, ना लुटलेलं परत करता आलं, ना एक उपास करता आला. तरी येशू त्याला म्हणाला, "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." हे अन्यायाचं वाटतं, मान्य. येशूने द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट सांगितली (मत्तय २०), त्यातही दिवसभर राबलेले मजूर हेच बोलतात: तासभर आलेल्यांना आमच्याइतकीच मजुरी? मालक त्यांचं म्हणणं खोडत नाही. तो विचारतो, मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यात सलतं का?

ख्रिस्ताला न मानणाऱ्या सज्जनाचं काय, याचं उत्तर ख्रिस्ती लोकांत एक नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये त्यांच्या तारणाची शक्यता मान्य केली. आमच्यातले बरेच कडवे ती मानत नाहीत. मी निकाल देणाऱ्याच्या खुर्चीत बसत नाही.

@वसईचा_पाव, पेंढ्याबद्दल बोललात ते खरंच आहे, पण पुस्तक त्याने बायबलातून काढलं नाही. आणि याकोब ज्या विश्वासाला नावं ठेवतो तो कोणता? तो म्हणतो, देव एकच आहे असं भुतंही मानतात आणि थरथरतात. नुसती माहिती खरी मानणं. त्याला आम्हीही विश्वास म्हणत नाही. ल्यूथरनंतरचा प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन याने ट्रेंटला उत्तर देताना म्हटलं होतं की नीतिमान ठरवतो तो केवळ विश्वास, पण तो विश्वास कधी एकटा नसतो.

आडवा_प्रश्न

सगळे पौलाला सोळाव्या शतकातल्या जर्मनीत नेऊन बसवताय. पौल यहुदी होता, पहिल्या शतकातला होता आणि त्याच्यापुढे मठ नव्हते.

पौल ज्यांनी तारण नाही म्हणतो ती "नियमशास्त्राची (मोशेच्या यहुदी धर्मनियमांची) कर्मं" म्हणजे सरसकट सगळी सत्कर्मं, हा अर्थ ल्यूथरच्या काळजीतून आलेला आहे. गलतीकरांस पत्र वाचा. भांडण कशावरून आहे? सुंता, खाण्यापिण्याचे नियम, सणवार. यहुदी नसलेल्या माणसाने ख्रिस्ताकडे येण्यासाठी आधी यहुदी व्हावं का? अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परजातीयांच्या (यहुदी नसलेल्यांच्या) पंगतीला बसत होता. यरुशलेमहून याकोबाची माणसं आली तसा तो पंगतीतून उठला. पौलाने त्याला तोंडावर सुनावलं आणि "कर्मांनी नाही, विश्वासाने" हे वाक्य त्या भांडणाच्या लगेच पुढे येतं. पंगतीतून कोण उठतं आणि का, हे मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको.

ई. पी. सँडर्स यांनी १९७७ मध्ये त्या काळच्या यहुदी ग्रंथांचा अभ्यास करून दाखवलं की यहुदी लोक पुण्याच्या राशी लावून स्वर्ग विकत घ्यायला निघाले होते हे चित्रच चुकीचं आहे. करार देवाने कृपेने केला, नियमशास्त्र पाळायचं ते त्या करारात राहण्यासाठी. जेम्स डन आणि एन. टी. राइट यांनी हा विचार पुढे नेला. त्यामुळे "यहुदी म्हणजे कर्मकांड आणि ख्रिस्ती म्हणजे कृपा" ही वाटणी जरा जपून करा. या वाटणीने युरोपात काय काय घडवलं ते माहीत आहेच, आणि ल्यूथरने १५४३ साली यहुद्यांबद्दल जे लिहिलं ते वाचवत नाही.

भिंगारदिवा

ल्यूथरच्या त्या लिखाणाचं समर्थन होऊच शकत नाही. जागतिक ल्यूथरन महासंघानेही ते नाकारलं आहे.

पंगतीचा मुद्दा आवडला. पण तेवढ्याने सगळं भागतं असं वाटत नाही. रोमकरांस चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की काम करणाऱ्याची मजुरी उपकार म्हणून धरली जात नाही, ते देणं असतं. तिथे सुंतेचा विषय नंतर येतो. आधी मजुरी आणि दान यांतलाच फरक आहे. आणि उदाहरण कोणाचं? अब्राहामाचं, तेही सुंता होण्याआधीचं.

नामाचा_गजर

मी वारकरी घरातला. हा सगळा वाद आमच्याकडे वेगळ्या कपड्यांत होऊन गेलाय असं वाटतं. दक्षिणेत श्रीवैष्णवांत यावरून दोन पंथच पडले. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला मानेला धरून उचलते. जीवाने धरायचं की देवाने उचलायचं? वडगलै पहिलं म्हणतात, तेंगलै दुसरं. दोघंही शरणागतीच सांगतात. ल्यूथर मला मांजरपंथी वाटतो आणि वसईकर साहेब माकडपंथी (राग मानू नका).

तुकोबांकडे तर व्रतं, तीर्थं, जपतपाच्या दिखाऊपणावर केवढे अभंग आहेत. पण नाम घ्यायला हवंच. आणि एकादशी आमची आजी मोडायची नाही. त्यामुळे तुमचं "केवळ" मला कळत नाही. काहीतरी करावं लागतंच ना? विश्वास ठेवणं हेही करणंच झालं.

वसईचा_पाव

माकडपंथी! मान्य आहे, घरी सांगतो. 😀

भिंगारदिवा

@नामाचा_गजर, खरी मेख तुम्हीच पकडलीत. विश्वास हे "करणं" धरलं की परत तेच: माझा विश्वास पुरेसा आहे का? काल होता, आज डळमळला, मग काल तारलेला होतो आणि आज नाही? मी आमच्याकडे आजारी माणसाला "तुझा विश्वास कमी पडला" असं सांगणारे महाभाग पाहिलेत. ल्यूथरच्या मठातली ती वही नव्या पुठ्ठ्यात परत हजर.

मार्क ९ मध्ये मुलाला घेऊन आलेला एक बाप येशूला म्हणतो की मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाक. एका श्वासात दोन्ही. आणि त्याचं काम होतं. म्हणजे भार विश्वासाच्या जोरावर नाही, ज्याच्यावर ठेवला त्याच्यावर आहे. ल्यूथर म्हणायचा की विश्वासणारा माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. तुमचं मांजराचं पिल्लू ओरडत असेल, ओरबाडतही असेल. मांजर त्याला सोडत नाही.

केडगाव_लाईन

उशिरा येतोय. इतकं सगळं जर्मनीत आणि इस्राएलात चाललंय, पण याचं सगळ्यात जिवंत उदाहरण आपल्या पुणे-सोलापूर लाइनवर आहे. केडगाव. (नगरजवळचं नव्हे, दौंडच्या अलीकडचं.)

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). वडील अनंतशास्त्री डोंगरे. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत, देवळांत पुराणं सांगत फिरत होतं. कर्मठपणाने राहिलं, दानधर्म केला, उपास केले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात होतं नव्हतं ते संपलं आणि आईवडील, बहीण एकामागून एक गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवासशास्त्री पायी देशभर फिरले. नेमधर्मात हे कुटुंब कुठे कमी पडलं असं कोणी म्हणू शकत नाही. बाईंच्या मनातून त्या सगळ्यावरचा भरवसा तिथेच उडाला.

पुढे कलकत्ता, लग्न, वैधव्य, पुणे, आणि १८८३ मध्ये इंग्लंड. वाँटिजच्या अँग्लिकन सिस्टर्सकडे राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ ला मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांना कशाने ओढलं होतं? सिद्धांताने नाही. लंडनमध्ये सिस्टर्स "पतित" म्हणून टाकलेल्या बायकांना जवळ करून सांभाळताना त्यांनी पाहिल्या. हे धैर्य, ही दया कुठून येते, म्हणून विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची (यहुदी ज्यांना दूर ठेवत त्या समाजातल्या बाईशी येशू बोलला, ती) गोष्ट वाचून दाखवली गेली. म्हणजे पहिली ओढ सत्कर्मांचीच. वसईकरांना आवडेल असा मुद्दा.

पण आता पुढचं. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी, शारदा सदन (विधवांसाठीची शाळा) सुरू करून झाल्यावर, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नाही मिळाला. हे मी माझ्या शब्दांत सांगतोय, पण १९०७ च्या त्यांच्या आत्मनिवेदनात त्या हेच सांगतात: बाप्तिस्मा झाला, चर्चची तत्त्वं मान्य केली, प्रार्थना केल्या, पण ओझं तसंच. विल्यम हॅस्लम नावाच्या एका अँग्लिकन पाद्र्याचं आत्मकथन त्यांनी वाचलं. हे गृहस्थ पाद्री झाल्यावर बऱ्याच काळाने, आपल्याच व्यासपीठावर उपदेश करताना, पहिल्यांदा विश्वास ठेवते झाले! रमाबाईंना आपलंच चित्र दिसलं. एका कर्मकांडातून निघून आपण दुसऱ्यात येऊन बसलोय, हे कळायला त्यांच्यासारख्या विदुषीला आठेक वर्षं लागली.

आता @शंकासूर यांनी विचारलेलं फळ बघा. तारण फुकट आहे हे पटल्यावर बाई स्वस्थ बसल्या का? १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका सोडवून आणल्या. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला, त्या छापखान्यात मुलींना काम शिकवलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून साध्या मराठीत बायबल उतरवलं. ज्या सिस्टर्सनी बाप्तिस्मा दिला त्यांच्याशी त्यांनी पत्रांतून चर्चच्या अधिकारावरून जे वाद घातलेत ते मुळातून वाचा. एक प्रायश्चित्तवाली पदयात्रा आयुष्यात करून झाली होती, दुसरी करायची त्यांची तयारी नव्हती.

जुनी_वही

केडगाव_लाईन, फार छान. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) राहिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नगरला मिशनमध्ये कामं केली, आणि १९१७ मध्ये मिशन सोडून "देवाचा दरबार" काढला. त्यात ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य चालणार होते. पुष्कळांना ते झेपलं नाही. पण या धाग्याच्या दृष्टीने प्रश्न नेमका आहे: सगळे विधी बाजूला सारले म्हणता, मग बाप्तिस्मा हा विधी नाही का?

भिंगारदिवा

यावर प्रॉटेस्टंट आपापसांतच चार दिशांना जातात. ल्यूथरचं उत्तर: बाप्तिस्मा माणूस करत नाही, देव करतो, म्हणून त्याने लहान बाळांचा बाप्तिस्मा चालूच ठेवला. बॅप्टिस्ट म्हणतात, आधी विश्वास, मग पाणी. आणि मुक्तिफौज (म्हणजे सॅल्व्हेशन आर्मी, १८८२ पासून भारतात, नगरला त्यांचं हॉस्पिटल आहे) बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन दोन्ही पाळत नाही. तिथे मग गणवेश, ध्वज आणि शपथ आहेच, म्हणजे विधीशिवाय माणूस फार काळ राहत नाही असंही म्हणता येईल.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीतून. आमचा मराठी ख्रिस्ती लोकांचा छोटा गट आहे, प्रत्येकाचं चर्च वेगळं. धागाकर्त्याने सुरुवातीला म्हटलं ते "घोटाळा आम्हीच करतो" यावर कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते.

आमच्या लहानपणी (मराठवाड्यातलं गाव) "कर्मांनी तारण नाही" हे दर रविवारी ऐकायचं आणि सोमवार ते शनिवार यादी वाचायची. सिनेमा नाही. कुंकू नाही. दिवाळीचा फराळ शेजाऱ्यांनी दिला तर खायचा की नाही यावर घरात खल. तंबाखू खाणारा "अजून तारलेला नाही". साक्ष देताना (आपल्या विश्वासाची गोष्ट सगळ्यांपुढे सांगताना) रडू आलं नाही तर तुमची साक्ष कच्ची. कोण किती वेळ गुडघ्यावर होतं हे आत्या मोजायच्या. यातलं तंबाखूचं सोडलं तर एकाही गोष्टीने कोणाचं भलं झाल्याचं मी पाहिलं नाही.

लूक १८ मधला परूशी (नियम काटेकोर पाळणारा धार्मिक यहुदी) देवाचे आभारच मानतो, लक्षात घ्या. "मी या जकातदारासारखा (लोक ज्याला पापी धरत त्या करवसुली करणाऱ्यासारखा) नाही म्हणून तुझे आभार." म्हणजे कृपेची भाषा त्यालाही येत होती. आमच्याकडे त्याचं नवं रूप म्हणजे "मी त्या उपासतापास करणाऱ्यांसारखा नाही, मी केवळ विश्वासाने तारलेला आहे."

दुपारचा_चहा

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावायला हवं. पॉपकॉर्न संपले.

संपादक

मधले दोन प्रतिसाद धर्मांतरावर घसरले होते, ते काढले आहेत. त्या विषयावर जुने धागे आहेत. इथे मूळ विषयावरच लिहावे.

वसईचा_पाव

@सातासमुद्रापार, आमच्याकडे यादी वेगळी, आत्या त्याच.

एक जोडतो. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गला कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी याच विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आशय असा की आपल्या कुठल्याही पात्रतेमुळे नाही, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या कार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्याही त्यात आल्या. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण एकमेकांना घातलेले सोळाव्या शतकातले शाप आज शिकवल्या जाणाऱ्या गोष्टींना लागू नाहीत असं दोघांनी मान्य केलं. वसईत किंवा नगरला याची बातमी किती पोचली देव जाणे.

पण मत्तय २५ चं काय? शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे करताना विश्वासाबद्दल एक प्रश्न नाही. भुकेल्याला खायला दिलंस का, उघड्याला वस्त्र दिलंस का, तुरुंगातल्याला भेटलास का. संपलं.

भिंगारदिवा

ते प्रकरण मला कायम अस्वस्थ करतं, आणि केलंच पाहिजे. त्यात एवढं मात्र बघा की उजवीकडच्यांना आपण केलेलं आठवतच नाही. "प्रभू, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिलं?" त्यांनी हिशेब ठेवलेला नाही. आणि मत्तय ७ मध्ये यादी घेऊन येतात ते कोण? "आम्ही तुझ्या नावाने संदेश दिले, भुतं काढली, महत्कृत्यं केली." त्यांना ऐकायला मिळतं, माझी तुमची ओळख नाही.

शंकासूर

त्याच मत्तय ७ मध्ये एक वचन आधी म्हटलंय की "प्रभू, प्रभू" म्हणणारा प्रत्येक जण आत जाणार नाही, पित्याच्या इच्छेप्रमाणे *करणाराच* जाईल. ते गाळलंत. आणि डावीकडच्यांनाही काही आठवत नव्हतं, तेही "कधी पाहिलं?" असंच विचारतात. विसरभोळेपणा दोन्हीकडे सारखाच आहे. फरक जेवण दिलं की नाही एवढाच आहे.

रमाबाईंपुढे मात्र माझा आक्षेप लंगडा पडतो हे कबूल. प्रिटोरियातल्या गृहस्थापुढे तुमचा पडतो. एकाच सूत्रातून दोन्ही माणसं निघतात, तेव्हा सूत्रावर निकाल द्यायचा कसा, हे मला अजून कळलेलं नाही.

केडगाव_लाईन

@शंकासूर, रमाबाईंचं बायबल मिळालं तर याकोबाचं पत्र त्यातून वाचा. याच वादावर परत येऊ.